‘पर्यावरणपूरक’ म्हणण्यापूर्वी कापड दुकानदाराने काय पाहावे

कापड दुकानातून गिऱ्हाईक बाहेर पडते तेव्हा मालाबरोबर त्याच्या हातात एक पिशवीही जाते. पिशवीवर दुकानाचे नाव, पत्ता, फोन नंबर आणि कोपऱ्यात हिरव्या पानाचे चित्र असते. पानाखाली ‘इको फ्रेंडली’ असे छापलेले असते, किंवा ‘प्लास्टिक टाळा, कापडी पिशवी वापरा’ असा संदेश असतो. आमच्या देवळाली प्रवरात पाहा, राहुरीत पाहा, श्रीरामपुरात पाहा, हीच पिशवी दिसेल. गिऱ्हाईक तिला कापडी पिशवी म्हणते, दुकानदारही कापडी पिशवीच म्हणतो. पण ती कापडाची नाही. ती प्लास्टिकची आहे.

हे आम्ही कापडाचे व्यापारी म्हणूनच सांगत आहोत. ज्याला ताणा नाही आणि बाणा नाही त्याला आमच्या धंद्यात कापड म्हणत नाहीत. ही पिशवी पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकची असते. त्याचे दाणे वितळवून बारीक तंतू काढतात, ते पट्ट्यावर पसरतात आणि उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवतात. पिशवीच्या अंगावर ज्या बारीक बारीक खळ्या दिसतात त्या या दाबाच्या खुणा होत. बाजारात या मालाला ‘नॉनवोव्हन’ म्हणतात, म्हणजे न विणलेले. नावातच सारे आले आहे, पण नाव इंग्रजी असल्यामुळे कोणाचे तिकडे लक्ष जात नाही.

ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी एक चिंधी कापून चिमट्यात धरावी आणि काडी लावावी. सुती चिंधी कागदासारखी जळते, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते. नॉनवोव्हनची चिंधी ज्योतीपासून आक्रसते, वितळून थेंब गळू लागते, मेणबत्तीसारखा वास सुटतो आणि गार झाल्यावर कडक गोळी उरते. काही गिऱ्हाइके म्हणतात की ही पिशवी उन्हात ठेवली की आपोआप मातीत मिसळते. ती उन्हात भुसभुशीत होते आणि हात लावताच तिचा चुरा होतो हे खरे आहे. पण चुरा झालेले प्लास्टिक प्लास्टिकच राहते, फक्त ते वेचता येत नाही. आमच्या पाटपाण्याच्या मुलखात हा चुरा चाऱ्यांतून वाहत शेतात जातो.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी शिक्षा ठरली. नॉनवोव्हन पिशवीही त्या बंदीत होती. पुढे केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा हलक्या नॉनवोव्हन पिशव्या बंद केल्या आणि २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारनेही ६० जीएसएम व त्याहून जाड पिशव्यांना सवलत दिली. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर मालाचे ग्रॅममधील वजन. दुकानदाराला ते स्वतः तपासता येते. २५ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब असा तुकडा कापला की तो चौरस मीटरचा दहावा भाग होतो. असे दहा तुकडे किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावेत. ६० ग्रॅम भरले तर माल नियमात आहे. कमी भरले तर पिशवी विकणारा काहीही सांगो, दंड दुकानदारालाच भरावा लागतो.

समजा पिशवी ६० जीएसएमची आहे. ती देण्याची परवानगी आहे. म्हणून तिच्यावर ‘इको फ्रेंडली’ छापण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. बहुतेक व्यापारी बांधव इथेच चुकतात. माल कायद्यात बसणे ही एक गोष्ट आणि त्या मालाबद्दल आपण जे बोलतो ते खरे असणे ही दुसरी. पहिलीचा कायदा वेगळा आहे, दुसरीचा वेगळा आहे, आणि दुसऱ्या कायद्याची माहिती आमच्या बाजारात फार थोड्यांना आहे.

पिशवी हीसुद्धा जाहिरात आहे

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरात या शब्दाची व्याख्या फार मोठी केलेली आहे. वर्तमानपत्र, टीव्ही, इंटरनेट हे तर आलेच. पण सूचनापत्रक, परिपत्रक, लेबल, वेष्टण आणि बिल हेसुद्धा जाहिरातीत धरले आहे. म्हणजे आमच्या नावाची पिशवी ही आमची जाहिरात, तागा गुंडाळलेल्या कागदावरचा मजकूर ही जाहिरात, आणि बिलावर ‘ऑर्गॅनिक कॉटन’ असे लिहिले तर तेही जाहिरातच. ‘आम्ही कुठे जाहिरात करतो, आमचे तर लहानसे दुकान आहे,’ असे म्हणून सुटका होत नाही.

याच कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० साली स्थापन झाले. या प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाविषयीच्या खोट्या व फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. अशा दाव्यांना इंग्रजीत ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. आपण हिरवा मुलामा म्हणू. मुलामा हा शब्द सराफ बाजाराला चांगला माहीत आहे, आत तांबे आणि वरून सोने. ही तत्त्वे उत्पादक, सेवा देणारा आणि व्यापारी या तिघांना लागू आहेत. जाहिरात करणाऱ्या एजन्सीला आणि मालाची शिफारस करणाऱ्या नामवंतालाही ती लागू आहेत.

तत्त्वांचा गाभा समजायला कठीण नाही. ‘ग्रीन’, ‘इको फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘ऑर्गॅनिक’, ‘शाश्वत’ यांसारखे मोघम शब्द नुसते वापरता येणार नाहीत. शब्द वापरला तर त्याला जोडूनच खुलासा हवा आणि मागे पुरावा हवा. दावा कशाबद्दल आहे हे सांगितले पाहिजे. पूर्ण मालाबद्दल आहे, त्याच्या एखाद्या भागाबद्दल आहे, तो बनवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, की फक्त वेष्टणाबद्दल? ‘१०० टक्के नैसर्गिक’, ‘पुनर्वापरायोग्य’, ‘कंपोस्टेबल’, ‘विषारी द्रव्यविरहित’ असे ठरावीक दावे करायचे असतील तर विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थाकडून झालेली तपासणी दाखवता आली पाहिजे. खुलासा लांबलचक असेल तर क्यूआर कोड देऊन बाकीचा मजकूर तिथे ठेवता येतो. दुसऱ्याच्या मालापेक्षा आपला चांगला असे म्हणायचे तर तपासता येईल अशी माहिती हवी. ‘पुढील पाच वर्षांत आम्ही असे करू’ असे वचन द्यायचे असेल तर ते कसे करणार याची प्रत्यक्ष योजना तयार हवी. संशोधनातला आपल्या सोयीचा तेवढा भाग उचलून दाखवणेही चालणार नाही.

कोणाला वाटेल की दंड गिरणीमालकाला होईल, आपल्याला काय? कायद्यानुसार फसवी जाहिरात थांबवण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही देता येतो. दंड मात्र उत्पादक व शिफारस करणारा यांना आहे, पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत. खोटी जाहिरात करणाऱ्या उत्पादकाला वेगळ्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. पण उत्पादक कोणाला म्हणायचे हे कायदा आपल्या पद्धतीने ठरवतो. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःचे चिन्ह लावतो किंवा लावून घेतो तोही उत्पादकच, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमच्या बाजारातले किती दुकानदार इचलकरंजी किंवा सुरतेहून साधा माल आणून त्यावर आपल्या दुकानाच्या नावाचे लेबल लावतात! शाळेचा गणवेश असो की टॉवेल-उपरण्याचा आहेर असो, लेबल आपले लागले की जबाबदारी आपली झाली. हे वाक्य प्रत्येक दुकानदाराने आपल्या मुनिमाला एकदा वाचून दाखवावे असे आम्हाला वाटते.

बांबू, बाटली आणि दुधाची टाकी

पिशवी ही तर बाहेरची गोष्ट झाली. आत तागे आहेत, साड्या आहेत, तयार कपडे आहेत, आणि त्यांच्यावरही आता नवे शब्द येऊ लागले आहेत. पूर्वी गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारायचे, रंग पक्का आहे का आणि आटेल का. लग्नसराईत बस्ता बांधायला घरची मंडळी येतात, त्यांच्याबरोबर पुण्याला शिकणारी मुलगी असते, ती तिसरा प्रश्न विचारते: हे ऑर्गॅनिक आहे का? काउंटरवरचा पोऱ्या म्हणतो, हो ताई, एकदम ऑर्गॅनिक. त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नसतो. त्याला वाटते ऑर्गॅनिक म्हणजे सुती.

सर्वांत जास्त फसवणारा शब्द ‘बांबू’ हा आहे. बांबूचे मोजे, बांबूचा टॉवेल, बांबूची बनियन. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर हिरवे बेट उभे राहते. प्रत्यक्षात बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून जो धागा काढतात त्याला व्हिस्कोस म्हणतात. हा रेयॉनचाच प्रकार आहे. लगदा निलगिरीचा असो, पाइनचा असो की बांबूचा, तयार होणारा धागा व्हिस्कोसच. त्या पद्धतीत कार्बन डायसल्फाइड हे घातक रसायन वापरले जाते. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा विक्रेत्यांवर कारवाई सुरू केली. २०१३ साली ॲमेझॉन, मेसीज, सीअर्स आणि लिऑन मॅक्स या चौघांना मिळून १२.६ लाख डॉलर भरावे लागले. २०२२ साली वॉलमार्टला ३० लाख आणि कोल्सला २५ लाख डॉलर. या कंपन्यांनी माल स्वतः विणलेला नव्हता. त्या दुकानदारच आहेत, मोठ्या असल्या तरी.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काडी लावून पाहण्याची युक्ती बांबूच्या बाबतीत चालत नाही. व्हिस्कोसही सुतासारखेच जळते, तोच वास, तशीच राख. पॉलिस्टर ओळखता येईल, कारण ते काळा धूर सोडून कडक गोळी होते, पण व्हिस्कोस आणि सूत यांतला फरक डोळ्यांना व नाकाला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते किंवा विकणाऱ्याचे लेखी उत्तर लागते. बांबूच्या मालावर प्रामाणिकपणे लिहायचे तर ‘व्हिस्कोस (बांबूच्या लगद्यापासून)’ असे लिहावे. मऊपणा, घाम टिपणे हे त्याचे गुण खुशाल सांगावेत, ते खोटे नाहीत.

दुसरा शब्द ‘रिसायकल’. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक वितळवून पॉलिस्टरचा धागा काढता येतो आणि हे काम आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर होते. दावा खोटा असतोच असे नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. कपड्यात असा धागा किती टक्के? ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड नावाचे जे प्रमाणपत्र आहे त्यात किमान २० टक्के पुनर्वापरित माल असला की प्रमाणपत्र मिळते, पण गिऱ्हाइकासाठी कपड्यावर ते चिन्ह लावायचे तर किमान ५० टक्के लागतो. तेव्हा ‘रिसायकल कापड’ असे न म्हणता ‘यात ६० टक्के पुनर्वापरित पॉलिस्टर आहे’ असे म्हणावे. आकडा सांगता येत नसेल तर शब्दही वापरू नये.

तिसरी एक गंमत आहे. काही ब्रँडेड कपड्यांच्या चिठ्ठीवर अमुक कार्यक्रमातल्या चांगल्या कापसाला आम्ही पाठिंबा देतो, असे लिहिलेले असते. यातल्या काही योजना ‘मास बॅलन्स’ पद्धतीने चालतात. आमच्या जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांना हे चटकन समजेल. गावच्या संस्थेत सगळ्यांचे दूध एका टाकीत ओततात. तुमच्या गाईचे दूध चांगल्या फॅटचे, हिशेबात तुमचे लिटर तुमच्या नावावर, पण जी पिशवी गिऱ्हाइकाच्या घरी जाते तिच्यात तुमच्याच गाईचे दूध असेल असे कोणी सांगू शकत नाही. तसेच त्या कापसाचे. कंपनीने तेवढा कापूस विकत घेतल्याचा हिशेब खरा असतो, पण या सदऱ्यात तोच कापूस आहे असे त्याचा अर्थ होत नाही. चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेवढेच गिऱ्हाइकाला वाचून दाखवावे, त्यात आपल्या पदरची भर घालू नये.

‘अझो-फ्री रंग’ असेही छापतात. घातक अशा ७० अझो रंगांच्या हाताळणीवर केंद्र सरकारने १९९७ सालीच बंदी घातली आहे. जे कायद्याने करणे भागच आहे ते आपला मोठेपणा म्हणून छापणे आम्हाला पटत नाही. ‘नैसर्गिक रंग’ म्हणून जे विकले जाते त्याबाबत एवढेच सांगतो की हळद, नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांचे रंग एका घाणीसारखे दुसऱ्या घाणीला येत नाहीत, थोडा फरक राहतोच. शंभर ताग्यांत एकसारखा पोपटी आला तर विचारावे. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकणे हा जुनाच आजार आहे. हातमागासाठी सरकारचे हँडलूम मार्क २००६ पासून आहे, ते पाहून घ्यावे.

ऑर्गॅनिकचा कागद

ऑर्गॅनिक कापसावर थोडे थांबले पाहिजे, कारण इथे खोट्याचा तोटा थेट शेतकऱ्याला होतो.

आमच्या जिल्ह्यात शेवगाव, पाथर्डी, नेवासे या भागांत कापूस होतो. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात कापूस सुधार प्रकल्प आहे. देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक सारे क्षेत्र बीटीखाली गेले. ऑर्गॅनिक म्हणायचे तर बियाणे बीटी चालत नाही, रासायनिक खत व फवारणी चालत नाही, आणि जमीन आधी काही वर्षे तशी राखावी लागते. या वर्षांत उतारा घटतो आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो. शेतकरी हा तोटा सोसतो तो पुढे चार पैसे जास्त मिळतील या आशेवर. बाजारात खोटा ऑर्गॅनिक स्वस्तात मिळू लागला की खऱ्याला तो भाव मिळत नाही.

हे काल्पनिक भय नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये गॉट्स या जागतिक ऑर्गॅनिक वस्त्र प्रमाणकाच्या संस्थेने जाहीर केले की भारतातून खोट्या प्रमाणपत्रांवर सुमारे २०,००० टन कापूस ऑर्गॅनिक म्हणून दाखवला गेला. या प्रकरणात ११ कंपन्यांवर त्या संस्थेने बंदी घातली. कागद पाहिले की काम झाले असे समजणाऱ्या परदेशी खरेदीदारांनाही त्यातून धडा मिळाला, कारण कागदच बनावट होते.

म्हणून कागद कसा वाचावा हे सांगतो. कागद दोन प्रकारचे असतात. पहिल्याला स्कोप सर्टिफिकेट म्हणतात. अमुक कारखाना ऑर्गॅनिक माल बनवण्यास पात्र आहे एवढेच तो सांगतो. त्याला आपल्या ड्रायव्हिंग लायसन्ससारखे समजावे. लायसन्स आहे म्हणून आजची गाडी त्यानेच चालवली असे सिद्ध होत नाही. दुसरा कागद ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. तो ठरावीक मालाचा असतो. त्यात विकणारा कोण, घेणारा कोण, माल किती, कोणत्या खेपेचा, हे असते. घाऊक खरेदी करणाऱ्याने आपल्या बिलावरचे वजन व नाव या दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे. आम्हाला एका घाऊक व्यापाऱ्याने एकदा मोबाइलवर प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. नाव तिसऱ्याच सूतगिरणीचे आणि मुदत आदल्या वर्षी संपलेली. माल साधा म्हणून घेतला, साधा म्हणून विकला.

तयार कपड्यावर गॉट्सचे चिन्ह असेल तर त्याच्याजवळच तीन गोष्टी हव्यात: प्रत, म्हणजे ‘ऑर्गॅनिक’ की ‘ऑर्गॅनिकने बनवलेले’, प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव, आणि लायसन्स नंबर. ‘ऑर्गॅनिक’ या प्रतीत किमान ९५ टक्के ऑर्गॅनिक धागा लागतो, दुसरीत किमान ७० टक्के. हा नंबर त्या संस्थेच्या यादीत इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. दोन मिनिटांचे काम आहे. नंबर नसेल आणि नुसते चिन्ह असेल तर ते चिन्ह कोणत्याही छापखान्यात छापून मिळते हे आपण सारे जाणतो.

आपल्या सरकारचेही एक चिन्ह आहे, इकोमार्क. १९९१ साली ही योजना सुरू झाली, मातीच्या मडक्याचे चिन्ह ठरले, कापडाचाही तिच्यात समावेश होता. पण मडके बाजारात फारसे कोणी पाहिले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आहेत. ते चिन्ह आता तरी आमच्या काउंटरपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा आहे.

ज्यांचा माल परदेशी जातो, सोलापूरच्या टॉवेलवाल्यांपासून तयार कपडेवाल्यांपर्यंत, त्यांना तर हे टाळता येणारच नाही. हॉलंडच्या ग्राहक प्राधिकरणाने आक्षेप घेतल्यावर २०२२ साली एच अँड एम आणि डेकॅथलॉन या कंपन्यांना ‘कॉन्शस’, ‘इकोडिझाइन’ असे मोघम शब्द काढण्याचे किंवा बदलण्याचे कबूल करावे लागले आणि अनुक्रमे ५ लाख व ४ लाख युरो चांगल्या कामासाठी द्यावे लागले. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात पुराव्याशिवायच्या मोघम दाव्यांना मनाई आहे आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख २७ सप्टेंबर २०२६ ठरवली आहे. तिथला खरेदीदार कागद मागणार, तो गिरणीकडे मागणार, गिरणी सूतवाल्याकडे मागणार.

मग बोलायचे काय

काही व्यापारी मित्र विचारतात की इतके सारे नियम असतील तर चांगल्या मालाचेही कौतुक करायचे नाही का? जरूर करावे. फक्त कौतुक नेमके असावे. ‘पर्यावरणपूरक साडी’ याऐवजी ‘ताणा-बाणा दोन्ही सुती, हातमागाची, रंग रासायनिक व पक्का’ असे म्हणावे. ‘नॅचरल कापड’ याऐवजी ‘६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के सूत, लवकर वाळते, इस्त्री कमी लागते’ असे म्हणावे. मिश्र कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला यात वाईट वाटत नाही, त्याला तेच हवे असते. उलट आपण टक्केवारी सांगितली की पुढच्या वेळी तो भाव कमी करायला कमी भांडतो असा आमचा अनुभव आहे. (सर्वच भांडत नाहीत असे नाही.)

पुरवठादाराकडून जे तोंडी सांगितले जाते ते लेखी मागावे. बिलावरच धाग्याची टक्केवारी लिहून घ्यावी. तो लिहून देत नसेल तर आपणही बोलू नये. काउंटरवरच्या मुलांना तीन शब्द कागदावर लिहून द्यावेत, सुती, मिश्र, कृत्रिम, आणि ऑर्गॅनिक हा शब्द कागद पाहिल्याशिवाय उच्चारायचा नाही अशी ताकीद द्यावी. कायद्यात तोंडी सांगणेही येते. गिऱ्हाईक फसले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकते, आणि आता लोक करतातही.

पाण्याचे आकडे मात्र सांभाळून वापरावेत. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा सर्वत्र छापला जातो. तो सरासरीचा आकडा आहे. महाराष्ट्रातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, दुसरीकडे कालव्यावरचा आहे. सरासरीवरून ‘आमचा सदरा घेतल्याने तुम्ही इतके लिटर पाणी वाचवले’ असे सांगणे म्हणजे गावच्या सरासरी पावसावरून आपल्या विहिरीचे पाणी मोजणे. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ साली नोरोना या कंपनीला नेमके हेच सांगितले होते: जगाच्या सरासरीचा आकडा एका विशिष्ट कपड्याचा पुरावा होऊ शकत नाही.

पुन्हा पिशवीकडे येऊ, कारण उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिला निर्णय तिचाच करायचा आहे. काही दुकानदार आता ‘कंपोस्टेबल’ पिशव्या घेतात. त्यांना आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. बनवणाऱ्याचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक पिशवीवर पाहावा. अशा पिशव्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेत कुजण्यासाठी असतात. उकिरड्यावर टाकल्या म्हणजे तशाच कुजतील, हे गिऱ्हाइकाला सांगू नये.

सुती पिशवीबद्दलही उगाच पोवाडे नकोत. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ साली केलेल्या अभ्यासानुसार, साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानाचाच हिशेब केला तर नवी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते. सगळ्या परिणामांचा हिशेब केला तर हाच आकडा ७,१०० वेळांवर जातो. त्या अभ्यासात उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा विचार केलेला नव्हता, आणि आमच्या गावात तर कचराच मुख्य आहे, हे लक्षात घ्यावे. तरी त्यातून एक गोष्ट कळते. नवी सुती पिशवी फुकट वाटली आणि ती घरी खुंटीला लटकत राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

आमच्या मते कापड दुकानदारासाठी सर्वांत सोपी पिशवी आपल्या दुकानातच पडलेली असते. ताग्याचे उरलेले तुकडे, डाग पडलेला माल, न खपलेल्या जुन्या साड्या. गावातल्या बचत गटाच्या महिलांना हे तुकडे दिले तर त्या शिवून देतात. शिलाई द्यावी लागते, ती नॉनवोव्हनपेक्षा महाग पडते हे खरे. ज्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाला परवडत नाही त्यांनी बस्त्याच्या गिऱ्हाइकाला तरी द्यावी आणि बाकीच्यांना घरून पिशवी आणण्यास सांगावे, आणली तर बिलात दोन-चार रुपये सोडावेत. त्या पिशवीवर छापायचा मजकूर एवढाच पुरे: ‘दुकानातील उरलेल्या कापडाची पिशवी. गावातच शिवलेली. धुऊन पुन्हा वापरा.’ आणि घरात आधीचा नॉनवोव्हनचा साठा शिल्लक असेल व तो ६० जीएसएमचा असेल, तर तो संपेपर्यंत वापरावा, पण नवी छपाई करताना छापखान्याला ते हिरवे पान काढायला सांगावे आणि त्या जागी ‘पॉलिप्रॉपिलिन, ६० जीएसएम’ असे टाकायला सांगावे.